मुलाकातीची माणसं

…नाय आशाबाई, खोली देऊ नका असं मी कुठं म्हणलं? द्या की. घर नवं, पुढची खोली मोकळी, मालक सकाळी कंपनीत जातेत ते दिवस मावळल्यावर येतेत — द्या खुशाल. मी फक्त एवढंच म्हणते की दोन दिसाचा पाहुणा आन् वरीसभराचा भाडेकरू ह्यात लई फरक हाय. भाडेकरूला एकदा सांगितलं की झालं. दोन दिसाच्या माणसाला समदं पयल्यापासून — रांजण हितं, मोरी तिथं, सकाळचं बाहेर जायाचं तं तळ्याच्या अंगानं जा, जेलाच्या भिंतीकडनं नगा जाऊ, शिपाई वरडतो. रोज नवं माणूस आन् रोज तेच सांगणं. माझं तोंड दुखून आलंय बाई. बसा ना, उभ्या काहून? मी शेंगा फोडते, माझे हात चालू ऱ्हाऊ द्या, नायतर झोप येती मला बसल्या बसल्या.

तसं तुमी बरोबर येळंला आल्या. मीच येणार व्हते तुमच्याकडं. कशाला? ते सांगते, आधी तुमचं होऊ द्या… नाय, सांगूनच टाकते, पोटात ठेवून काय करू. उद्या माझा फकिरा सुटतोय. हां, ह्याच जेलातनं. तुमाला ठाव नसंल, तुमी नव्या, आन् आमी काय दारावर पाटी लावलीय का. तं तो उद्या घरी यायचा, आन् पुढच्या खोलीत भागूबाई हाय — आता तळ्यावर गेलीय धुणं घेऊन. तिचा पोरगा अजून आतच हाय, तारीख नाय काय नाय. आमची देण्याजोगी खोली एकच. फकिराचा बाप म्हणतो रातच्याला खोली मोकळी झाली पायजे. मी म्हणलं आशाबाई तरी इचारतेतच खोलीचं, त्यांच्याकडंच न्यावी हिला. पयलाच पाहुणा असा मिळाला तं तुमचं नशीब समजा. बोलणं कमी, पाणी जपून वापरती, झाडून घेती न सांगता.

व्हय व्हय, काय काय बघावं ते सांगते ना, तेवढ्यासाठी तं तुमी आल्या. पयलं म्हणजे इचारायचं नाय. आपली सवय कशी असती — दारात माणूस आलं की कुण्या गावचे, कुणाचे, पाहुणे कोण, पाण्याचा तांब्या द्यायच्या आधी आपण त्याच्या सात पिढ्यांची चौकशी करतो. हितं ते चालत नाय. हितं येणारं माणूस मुलाकातीला आलेलं असतं — कुणाचा नवरा आत, कुणाचा भाऊ. इचारलं की रडतेत, नायतर खोटं बोलतेत, आन् दोन्ही बघवत नाय. वरून तुमी इचारलं की तेबी इचारतेत, बाई तुमचं कोण? मग काय सांगायचं? मी सांगायचे, आमचं कोणी नाय, आमी आपले हितलेच. खोटं बोलायचा लई शीण येतो आशाबाई, दगडं फोडल्यावाणी अंग दुखतं.

आन् निघतानाची गोष्ट. पाहुणा उठला की कुकू लावायचं आन् या पुन्हा म्हणायचं, हे तोंडात बसलेलं असतं आपल्या. जाफराबादकडची एक बाई व्हती, कवळी पोर, नवरा आत. दोन दिस ऱ्हायली, गुणाची. निघताना कुकू लावलं आन् गेलं माझ्या तोंडातनं, या पुन्हा. ती पायरीवरच खाली बसली. मला समजंना काय झालं. मग उजेड पडला डोक्यात — हितं पुन्हा यायचं म्हणजे नवरा आतच ऱ्हायचा. तवापासनं मी नुसती मान हलवते. हळदीकुकू लावते, हातावर गुळाचा खडा ठेवते आन् मान हलवते. शिष्ट म्हणत असतील मला, म्हणू द्या.

चुलीचं मात्र आधीच ठरवा. चूल द्यायची का नाय, ते पाहुण्याच्या तोंडावर नाय ठरवता येत. मी नाय म्हणलं व्हतं सगळ्यांला. भागूबाईनं तं मागितलीच नाय. तिसऱ्या दिशी अंधारातच उठली, अंगणात तीन दगडं मांडले, काटक्या आणल्या, आन् धपाटे थापायला बसली — लसूण, तीळ, समदं गाठोड्यात बांधून आणलेलं. पोराला आवडतेत म्हणली. मला ठाव व्हतं ना, गेटावर शिजलेलं काय घेत नायत, फळफळावळ तेवढी घेतेत, तीबी शिपायाच्या मर्जीवर. पण तिचा चेहरा बघून सांगवलं नाय मला. गेली डबा घेऊन. दुपारी आली तं डबा तसाच, फडकं सुदीक सुटलेलं नाय. हे ध्यानात ठेवा, तुमच्या घरी असे डबे परत येतील. आईला तो खाववत नाय, टाकवत नाय, आन् मग तो तुमच्या दारात येतो. माझ्यापुढं ठेवला तिनं, म्हणली — "बाई, त्याच्या नावाचं हाय, माझ्या गळ्याखाली उतरंना. तुमच्या पोराला द्या, तेवढंच एका लेकराच्या पोटात जाईल."

काय करता. मी म्हणलं माझा पोरगा कंपनीत हाय, दुपारपाळीला गेलाय. आन् बसले, आन् मीच खाल्ले. तिच्या म्होरं बसून, तिच्या हातचे. चांगले झाले व्हते. फकिराच्या बापानं दारातनं बघितलं — चिकलठाण्याची रातपाळी करून झोपलेले, नुकते उठलेले, डोळे लाल — आन् तसेच आत गेले. मग दोन दिस माझ्या हातचं जेवले नाय. अस्सं. आता जेवतेत. भूक काय कुणाचं ऐकती.

पोरगा कशापायी आत हाय? चोरी नाय हो, मारामारी नाय. रामकिसन नाव, कॉलेजात शिकतो. ते विद्यापीठाचं चाललंय ना, बाबासाहेबांचं नाव द्या म्हणून — नामांतर — पोरं सत्याग्रहाला बसली रस्त्यावर, त्यात धरून आणला. दगड सुदीक उचललेला नाय त्यानं.

…मागं काहून सरकल्या?

बरं. तं स्टोचं सांगायचं ऱ्हायलं. तुमच्याकडं स्टो असंल ना? मी बी आणलाय, गुलमंडीवरनं, लाकडाचा धूर डोळ्याला सोसंना म्हणून. भागूबाई आली त्या दिशी संध्याकाळी मी स्टो पेटवला. पंप मारला, रॉकेलचा वास सुटला, आन् ही बाई बसल्या जागची उठून अंगणात. मला वाटलं लघवीला गेली. दुसऱ्या दिशी तसंच. तिसऱ्या दिशी मी बघितलं, कुडाला धरून उभी, पदर नाकाला. मी इचारलं नाय. तिच्या गावाचं नाव ऐकलं व्हतं मी, गेल्या पावसाळ्यात तिकडं काय झालं तेबी ऐकलं व्हतं. काय इचारायचं. त्याच्या दुसऱ्या दिवसापासनं मी चूल पेटवते. डोळे गेले तं गेले. तिला म्हणलं स्टोचा वायसर गेलाय, आन् आता दोघी एकाच चुलीवर करतो, तिचं तिचं, माझं माझं.

नाय, तिच्या गावाचं आन् फकिराचं काय नातं नाय. तो पाचोडकडं, आमच्या गावी व्हता, चुलत्याजवळ, शेतावर. मी बी नेमकी पंचमीला गेलेली. दोन-तीन दिस गावात कुजबुज चाललेली — विद्यापीठाचं नाव बदललं तं आपलं काय उरंल, आन् काय काय. ज्यांनी विद्यापीठाची पायरी चढली नाय तेच जास्ती बोलत व्हते. मग ती रात. पलीकडच्या वस्तीवर उजेड दिसला. मला वाटलं कुणाची गंजी पेटली. घरात बघते तं पडवीतला रॉकेलचा डबा नाय. रेशनचा, मीच भरून ठेवलेला. उशिरानं फकिरा आला, हातपाय धुतले, आन् म्हणला आई वाढ. मी वाढलं. तो पोटभर जेवला आशाबाई. हाताला वास येत व्हता त्याच्या, आन् तो पोटभर जेवला.

हे कशाला सांगत बसले मी तुमाला. तुमी खोलीचं इचारायला आल्या.

तं उद्याचं असं हाय. तो सुटंल, दुपारपतुर घरी येईल. शिक्षा झाली, भोगली, मान्य. माझं लेकरू हाय, मी त्याला टाकलं नाय. हर मुलाकातीला गेले, जाळीतनं बोलले. पण आजपतुर एकदा बी त्याच्या तोंडातनं आलं नाय की आई, वाईट झालं. म्हणतो समद्यांनी केलं, मी एकटाच सापडलो. तो ह्या खोलीत यायचा, आन् भागूबाई त्याच्या म्होरं ताट सरकवायची. ती सरकवणारच, तिला ठाव नाय ना, ती त्याला कंपनीतला समजती. मला ते बघवणार नाय. म्हणून म्हणते, रातच्याला न्या तिला. तुमच्याकडं भिंतीची खोली, वरून पत्रे, कडी लागती. तिचा एक गाठोडं पसारा. पांघरूण मी देते. मुलाकातीच्या दिशी मीच संगं जाईन तिच्या, तुमाला काय तोशीस नाय. मालकांना इचारायचं असंल तं इचारा, पण आजच सांगा.

…काय म्हणल्या?

आपल्यातली हाय का, म्हणता.

नाय, काय नाय झालं, शेंगा सरल्या फोडून. सूप उचलून ठेवते. तुमी बसा… नाय, नगाच बसू. तुमचं बी खरं हाय, घरात देव हायेत, सासूबाई येतेत गावाकडनं, शेजारपाजार हाय. मी तुमाला नावं ठेवत नाय. मी बी तिला पयल्या दिशी हेच इचारणार व्हते, अगदी तोंडावर आलं व्हतं, पण तिच्या डोईवरचं गाठोडं उतरवू लागले आन् ते ऱ्हाऊन गेलं. नायतर तीबी त्याच पावली माघारी गेली असती. एवढाच फरक हाय तुमच्यात आन् माझ्यात.

तुमी कंपनीतली शिकाऊ पोरं ठेवा. ती बरी. त्यांचे डबे खाणावळीतनं येतेत आन् परत जातेत ते रिकामे जातेत. मुलाकातीची माणसं नगा ठेवू, तुमच्यानं व्हायचं नाय.

आन् भागूबाईचं ऱ्हाऊ द्या आता. ती कुठं जात नाय. फकिराच्या बापाला काय म्हणायचं ते म्हणू द्या, अजून दोन दिस उपाशी ऱ्हातील. मी उद्या जाईन गेटावर. भाकरतुकडा ओवाळून टाकीन, पोटाशी धरीन पोराला, आन् तसाच पाचोडच्या गाडीत बसवून देईन चुलत्याकडं. तो इचारंल, आई, आन् माझी खोली? सांगंन की दिली. जिचं लेकरू आत हाय तिला दिली, ते सुटंस्तोवर मोकळी व्हायची नाय. रडू येईल मला, येऊ दे.

उठा आशाबाई. ती येत असंल तळ्यावरनं, डोक्यावर ओलं धुणं असंल. तुमी हितं बसलेल्या दिसल्या तं ती दारातच उभी ऱ्हाईल, मी बोलावल्याबिगर आत यायची नाय. निघा तुमी.