कडेचे आकडे

चिंचवड पोलीस चौकी
दिनांक १२ नोव्हेंबर १९८२, वेळ सकाळी १०.१५

नाव : सुमन भ्र. मालोजी वाल्हेकर, वय ४३ वर्षे, धंदा नोकरी, शिक्षण जुनी मॅट्रिक, राहणार वाल्हेकरवाडी, चिंचवड, तालुका हवेली, जिल्हा पुणे.

मला कोणी बोलावलेले नसताना मी आज आपण होऊन चौकीत आले आहे आणि समक्ष सांगते की,

मी वरील पत्त्यावर पती मालोजी यांच्यासह राहते. आम्हाला मूलबाळ नाही. मी जून १९६४ पासून चिंचवड येथील जलौघ पंप वर्क्स या कंपनीच्या डिझाइन खात्यात गणन सहायक म्हणून कामाला आहे. कंपनी पाणीपुरवठ्याचे मोठे पंप बनवते.

माझे काम असे की, पंपाच्या केसिंगमधून, म्हणजे बाहेरच्या कवचातून, पाणी फिरताना कुठल्या जागी किती दाब पडेल हे पंप ओतण्याआधी आकड्यांनी काढायचे. त्यासाठी केसिंगच्या नकाशावर बारीक चौकटी आखतात. प्रत्येक बिंदूचा आकडा त्याच्या शेजारच्या चार बिंदूंवरून काढायचा. सगळे बिंदू झाले की पुन्हा पहिल्यापासून, आकडे हलायचे थांबेपर्यंत. हे एकटीचे काम नाही. म्हणून आम्ही सहा जणी हँडल फिरवायची गणनयंत्रे घेऊन एका खोलीत ओळीने बसत होतो. नकाशाचे सहा पट्टे केलेले, प्रत्येकीकडे एक. सगळ्या एकाच वेळी आपापला पट्टा सोडवत. फेरी संपली की आपल्या कडेच्या ओळीचे आकडे चिठ्ठीवर लिहून शेजारणीला द्यायचे, कारण एकीच्या पट्ट्यातले पाणी दुसरीच्या पट्ट्यात जाते. मी टेबलावर पट्टी आपटली की चिठ्ठ्या फिरत. सहाशे बिंदू, ऐंशी फेऱ्या, अकरा दिवस. खोलीची प्रमुख मी होते. तसा लेखी हुकूम कधी निघाला नाही.

सन १९६९ मध्ये आमच्यातल्या गिरजाबाई अर्ध्या दिवसाच्या रजेवर गेल्या आणि त्यांची चिठ्ठी शेजारच्या टेबलावर गेली नाही. त्या शेजारणीने जुन्याच चिठ्ठीवर पुढच्या फेऱ्या केल्या. आकडे वरवर बघता ठीक होते. पण त्या दोन पट्ट्यांच्या मध्ये पायरी पडली होती, म्हणजे कडेवर आकडे एकदम उडी घेत होते. ती मी बोट फिरवून धरली. तीन दिवसांचे काम परत करावे लागले. त्यानंतर कोणताही हिशेब आला की मी आधी पट्ट्यांच्या कडा बघते.

कु. इंद्रायणी साहेबराव ओव्हाळ ही जुलै १९८० मध्ये इंजिनिअर म्हणून लागली. तेव्हा तिचे वय तेवीस होते. तिचे वडील साहेबराव आमच्याच कंपनीच्या फाउंड्रीत मोल्डर आहेत, राहणार नेहरूनगर, पिंपरी. पहिले चार महिने आमच्या खात्याच्या साहेबांनी तिला माझ्या खोलीत शिकायला बसवले. चौकटी कशा आखायच्या, कडेचे आकडे कसे द्यायचे, कुठे चूक होते, हे सगळे तिला मी शिकवले. ती मला बाई म्हणत असे. दुपारी आम्ही एकत्र जेवायचो. तिला मेथीची भाजी आवडत असल्याने मी आठवड्यातून दोनदा करून नेत होते.

त्याच वर्षी दिवाळीनंतर ती मला म्हणाली, "बाई, तुमच्या सहा जणींच्या जागी कॉम्प्युटरची कार्डं बसवली तर? प्रत्येक कार्डाला एक पट्टा, आणि चिठ्ठीच्या जागी वायर." मी हसले होते. साहेब हसले नाहीत. सव्वा वर्षात तिने चार कार्डांचे, म्हणजे स्वतंत्र हिशेब करणाऱ्या चार सर्किटच्या पाट्यांचे, यंत्र उभे केले. चारही कार्डे एकदम चालत आणि प्रत्येक फेरीनंतर कडेचे आकडे वायरीने शेजारच्या कार्डाला देत. बिंदू चार हजार आठशे, फेऱ्या चारशे, वेळ पस्तीस मिनिटे.

यंत्राला धूळ आणि उकाडा चालत नाही म्हणून आमची खोली त्याला देण्यात आली. तिथे थंड हवेची मशीन बसवली. मार्च १९८२ मध्ये आमची सहा टेबले हलली. चौघींना स्टोअर आणि डिस्पॅचमध्ये पाठवले. गिरजाबाईंनी राजीनामा दिला. माझे टेबल जिन्याजवळच्या बोळात ठेवले आणि छापून आलेले कागद तपासण्याचे काम मला दिले. खोलीत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. इंद्रायणीच्या पायात आतल्या वापराच्या वेगळ्या सपाता असत. किल्ली तिच्याकडे होती.

एप्रिलमध्ये मुंबईहून पाहुणे यंत्र बघायला आले. मी बोळात होते. दार उघडे असल्याने ऐकू येत होते. ही कल्पना कशी सुचली असे पाहुण्यांनी विचारले. ती म्हणाली की इथे पूर्वी काही बायका हाताने हे करत असत, ते बघून सुचले. तिने नाव घेतले नाही. पाहुण्यांनीही विचारले नाही. नंतर बाहेर येऊन ती मला म्हणाली, "बाई, मी तुमच्याबद्दल सांगितलं हं." मी बरं म्हणाले. त्या आठवड्यापासून मी डबा माझ्या टेबलावर खायला लागले. ती दोनदा बोलवायला आली, मग यायची थांबली. मेथीची भाजी मी त्यानंतर केलेली नाही.

पाहुणे आले त्या दिवशी साहेबराव ओव्हाळ यांनी सगळ्या खात्यांत पेढे वाटले. मला दोन दिले. मी ते खाल्ले नाहीत, ड्रॉवरमध्ये ठेवले. त्यांना मुंग्या लागल्यावर टाकून दिले.

दिनांक २ सप्टेंबर १९८२, गुरुवार रोजी दुपारी तीनच्या सुमारास इंद्रायणीने मला नव्या मोठ्या पंपाच्या हिशेबाचे छापील कागद आणून दिले. या हिशेबावरून शाफ्टची, म्हणजे पंप फिरवणाऱ्या दांड्याची, जाडी ठरणार होती. केसिंगमध्ये पाण्याचा दाब सगळ्या बाजूंनी सारखा नसतो. एका बाजूने जास्त पडला की शाफ्ट आडवा ढकलला जातो, तेवढे सोसेल असा शाफ्ट लागतो. नवीन हिशेबाप्रमाणे आडवा दाब बराच कमी येत होता आणि शाफ्ट पंचाहत्तरऐवजी पासष्ट मिलिमीटरचा पुरणार होता. यावर साहेब फार खूश होते.

ती म्हणाली, "बाई, तुम्ही बघितल्याशिवाय मला धीर होत नाही." ती माझ्या टेबलाशी उभी राहिली. मी नेहमीप्रमाणे कडा बघितल्या. पहिल्या-दुसऱ्या पट्ट्याची कड नीट होती. दुसऱ्या-तिसऱ्याची नीट होती. तिसऱ्या आणि चौथ्या पट्ट्यामध्ये पायरी होती. मागचे कागद उलटून बघितले तेव्हा कळले की एकशेविसाव्या फेरीनंतर चौथ्या कार्डाला तिसऱ्याकडून नवीन आकडे गेलेच नव्हते. ते पुढच्या दोनशेऐंशी फेऱ्या जुन्याच आकड्यांवर चालले होते. म्हणजे गिरजाबाईंच्या रजेसारखेच. मला हे समजायला चार-पाच मिनिटे लागली असतील.

ती विचारत होती की ठीक आहे ना. मी तिच्या तोंडाकडे बघितले नाही. "ठीक आहे," असे म्हणाले आणि शेवटच्या पानावर 'तपासले' असे लिहून सही केली. ती थँक्यू म्हणून गेली.

असे का केले असे विचारल्यावरून सांगते की, मला वाटले ड्रॉइंगच्या टप्प्यावर चूक बाहेर येईल. मग साहेब बोळात माझ्या टेबलापाशी येतील आणि वाल्हेकरबाई, सहा टेबले परत लावा, असे म्हणतील. कोणाला इजा व्हावी असे माझ्या मनात नव्हते. ती खाली यावी असे होते.

ड्रॉइंग पास झाले. कोणी मला काही विचारले नाही. सप्टेंबर संपताना शाफ्ट फोर्ज होऊन आला. ऑक्टोबरमध्ये मशीन शॉपकडे नेताना ट्रॉली माझ्या टेबलासमोरून गेली. तेव्हा सांगता आले असते. ट्रॉली वळेपर्यंत मी बघत होते. मग बोनसची यादी लागली म्हणून सगळे तिकडे गेले. मीही गेले.

दिनांक ९ नोव्हेंबर, मंगळवार रोजी टेस्ट शेडमध्ये पंपाची चाचणी होती. दिवाळीच्या आत पंप रवाना करायचा होता. मी कोणाला न सांगता सकाळी अकरा वाजता शेडमध्ये गेले. तिथले फिटर भिवा रोकडे, वय अंदाजे पन्नास, हे मला पहिल्यापासून ओळखतात. पंप चालू व्हायच्या आधी ते कपलिंगजवळ शाफ्टवरून हात फिरवत होते. कपलिंग म्हणजे मोटर आणि पंप जोडणारा भाग. मला बघून ते म्हणाले, "बाई, तुमी लांब व्हा. ह्यो शाफ्ट बारीक हाय. हिशेबात बसला आसंल, पन हाताला बसत न्हाई." मी लांब झाले. लोखंडी खांबाच्या मागे जाऊन उभी राहिले. त्यांना काही बोलले नाही.

इंद्रायणी तिथे होती. तिने माझ्याकडे बघून हात केला.

पंप चालू झाल्यावर सुमारे वीस मिनिटांनी दाब वाढवण्यासाठी वरची झडप आवळायला सुरुवात झाली आणि थरथर वाढली. ११.४० च्या सुमारास शाफ्ट तुटला. कपलिंगचा तुकडा जाळी फाडून बाहेर आला आणि रोकडे यांच्या उजव्या पायाला लागला. इंद्रायणी सगळ्यांच्या आधी धावली. तिने ओढणी काढून त्यांच्या मांडीला आवळून बांधली. मी खांबाजवळून हलले नाही. त्यांना गाडीत घालून नेल्यावर मी बोळात गेले आणि पाच वाजेपर्यंत टेबलाशी बसले. दुसऱ्या दिवशी समजले की रोकडे यांचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. ते वाचले आहेत.

दिनांक १० रोजी इंद्रायणीचा जबाब आपल्या चौकीत झाला. तिला कंपनीने कामावरून थांबवले आहे. तिने जबाबात काय सांगितले ते मला साहेबांकडून कळले. हिशेब तिचा एकटीचा आहे, वाल्हेकरबाईंची सही तिनेच आग्रहाने घेतली, एवढे कागद बाईंना पाच मिनिटांत बघणे शक्य नव्हते, त्यांना यात ओढू नये, असे तिने सांगितले. हे ऐकल्यावर मला लाज वाटायला पाहिजे होती. आधी रागच आला. पाच मिनिटांत मला दिसणार नाही असे तिला वाटले, याचा.

काल दिनांक ११ रोजी सायंकाळी सहा वाजता साहेबराव ओव्हाळ माझ्या घरी आले. त्यांनी आत बसायला नकार दिला, ओट्यावरच टेकले. त्यांच्या हाताला फाउंड्रीची काळी माती तशीच होती. पती मालोजींनी चहा दिला तो त्यांनी घेतला. ते म्हणाले, "ताई, पोरगी दोन दिस जेवली न्हाई. कागदाच्या नकला पसरून बसलीय. जेलात जाईन म्हनती, पन माझं चुकलं कुठं ते मला कळू द्या म्हनती. तिला घावत न्हाई. तुमी तिच्या गुरू हाय. तेवढं बघा."

त्यांनी माझ्याबद्दल दुसरे काही विचारले नाही. मी त्यांना बघते असे सांगितले. ते गेल्यावर पतींनी मला विचारले की तुला माहीत आहे का. मी हो म्हणाले. पतींनी चहाची कपबशी विसळली आणि म्हणाले, "मग ओट्यावर का नाही सांगितलंस त्यांना?" आज सकाळी त्यांनी पहिली शिफ्ट बुडवली आणि सायकलवर मला येथे आणून सोडले. ते बाहेर बसले आहेत.

मी मागणी केल्यावरून जप्त केलेले छापील कागद मला दोन पंचांसमक्ष दाखवण्यात आले. कु. इंद्रायणी ओव्हाळ हिलाही बोलावून घेण्यात आले. मी तिच्यासमोर तिसऱ्या आणि चौथ्या पट्ट्यामधल्या कडेवर बोट ठेवले आणि चौथ्या कार्डाला तिसऱ्याकडून मिळालेले एकशेविसाव्या व चारशेव्या फेरीचे कडेचे आकडे शेजारी ठेवून दाखवले. ते जसेच्या तसे आहेत. तिने दोन्ही पाने वाचली. नंतर एकदा परत वाचली. मग म्हणाली, "वायर. त्या हिशेबाच्या दिवशी यंत्र पुसताना ढिली झाली असणार." पान न उलटता तिने विचारले, "बाई, तुम्हाला हे कधी दिसलं?"

मी सांगितले, "दोन सप्टेंबरला. तू समोर उभी होतीस तेव्हा."

तिने कागद नीट जुळवून हवालदारांच्या हातात दिले आणि ती बाहेर गेली. मी बोट ठेवेपर्यंत ती पायरी तिला दिसली नव्हती, याचे मला क्षणभर बरे वाटले. हेही लिहून घ्यावे असे मी सांगितल्यावरून लिहिले आहे.

इंद्रायणीच्या हिशेबाच्या पद्धतीत चूक नाही. यंत्रही चांगले आहे. वायर घट्ट करून तोच हिशेब परत केला तर शाफ्ट पंचाहत्तरचाच येईल असे माझे मत आहे. हिशेब तपासून देण्याची जबाबदारी माझी होती.

हवालदार तापकीर यांनी हा जबाब लिहून झाल्यावर मला सावकाश वाचून दाखवला. त्यात २ सप्टेंबरच्या मजकुरात 'सदरची चूक माझ्याकडून नजरचुकीने सांगायची राहिली' असे वाक्य होते. मी तसे म्हणाले नव्हते. हवालदार म्हणाले की असे लिहिले तर तुम्हाला सोपे जाईल. मी ते वाक्य खोडायला लावले. माझी नजर चुकली नव्हती. खोडलेल्या जागी मी माझी सही केली आहे. बाकी सर्व मी सांगितले तसेच आहे.

सही
सुमन मालोजी वाल्हेकर

समक्ष लिहून घेतले,
तापकीर, पोलीस हवालदार