विहिरीची गोष्ट विसरलेले भिकूतात्या

ऐका. जरा जवळ सरका. आणि काकी, सुपारी नंतर कातरा, माझी लय तुटते.

तेव्हा मी या गावात नवा. डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन दारोदार फिरायचो. हे सोमवारचं बसणं तेव्हाही होतंच. आरती झाली की काळकाईच्या देवळात एकेकानं आपल्यावर गुदरलेलं सांगायचं, देवीनं कसं निभावलं ते सांगायचं. मी नुसता ऐकायचो. म्हणायचो, तेवढीच गिऱ्हाइकाशी ओळख! खोटं कशाला बोलू?

एका सोमवारी बाजाराहून निघायला उशीर झाला. अंधार पडलेला. म्हणून देवळामागच्या चिरेखाणीची जवळची वाट धरली. चाललो. एक वाकडा काजू लागला. आणखी चाललो. पुन्हा तोच काजू! तिसऱ्यांदा तोच! म्हटलं, चकवा!

तेवढ्यात मागून बायकोचा आवाज. "अहो, थांबा की!" वळलो तर कुणी नाही. पुन्हा हाक, आता अगदी कानाशी. अहो, बायको तर माहेरी, बाळंतीण! लेकीचं तोंडसुद्धा पाहिलं नव्हतं मी.

आणि समोर कंदील! आपले भिकूतात्या. तेच धोतर, तोच खोकला. "चल रे कासारा, देवळाकडेच निघालोय."

हायसं वाटलं. मागोमाग निघालो. तात्या भराभर पुढे, तोंडातून शब्द नाही. आता तुम्हीच सांगा, भिकूतात्या आणि गप्प? विहीर खणताना दरड कोसळून दोन दिवस आत अडकले, ती गोष्ट गावातल्या म्हशींनाही पाठ! मी म्हटलं, "तात्या, ती विहिरीची गोष्ट सांगा की."

"कसली विहीर? पाऊल उचल."

मी जागच्या जागी उभा! चकव्यानं तात्यांचं तोंड उचललं, आवाज उचलला, खोकला उचलला. पण माणसावर गुदरलेलं कुठून आणणार? खाली पाहिलं. अंगठ्यापुढे जमीनच नाही. खाण! चाळीस हात खोल!

कंदील खाणीवर अधांतरी. "ये ना... ये..."

मटकन बसलो. डोळे मिटले आणि मोठमोठ्यानं सांगत सुटलो. आई कशी गेली, उपाशी पोटी या गावात कसा शिरलो, पहिली भाकर कुणी वाढली. जन्मात पहिल्यांदा! तिकडून हाक आली की मी आणखी मोठ्यानं.

माझं ओरडणं देवळात ऐकू गेलं. बत्त्या घेऊन माणसं आली. पुढे भिकूतात्या. मी डोळे उघडेना, म्हटलं, हाही तोच असला तर? तर तात्या म्हणतात, "मेल्या, एवढ्यात घाबरलास? मी विहिरीत दोन दिवस होतो, तेव्हा..." झाली सुरू! त्यांचे पाय धरून रडलो हो मी. कुणी काही म्हणो, त्या रात्री देवी तात्यांच्या बडबडीतून आली, असं मी मानतो. दुसऱ्या दिवशी सासुरवाडी गाठली, लेकीला मांडीवर घेतलं.

तेव्हा खाणीच्या वाटेला जाऊ नका. दिवसासुद्धा नको. आणि अहो पोस्टमास्तर, बदली होऊन दोन महिने झाले तुम्हाला, अजून नुसतेच हसताय. या पुढे. बरंवाईट काहीतरी सांगून ठेवा. उद्या अंधारात भेटलात, तर आम्ही तुम्हाला ओळखायचं कशावरून?