काखेतला चेंडू

रोनेटा : कॅन्सस! म्हणजे हे नववं बिऱ्हाड. आणि काम कसलं?

क्लेव्हन : तेच.

रोनेटा : तेच म्हणजे?

क्लेव्हन : तिथल्या कॉलेजातही फुटबॉलचा चेंडू काखेत घेऊन पळणाऱ्या पोरांचा कोच. दुसरं काय मिळणार? कपाळावरच कोरलंय माझ्या.

रोनेटा : आणि इथलं? नाताळात तुमचा मुख्य कोच इथंच खुर्चीत बसून म्हणाला होता, पुढच्या हंगामात आक्रमणाची सगळी आखणी क्लेव्हनकडे. माझ्या हातचं गोड पीच कॉबलर चापत म्हणाला होता.

क्लेव्हन : ब्रॅडेनला दिली.

रोनेटा : कुठला ब्रॅडेन? आपल्या सोफ्यावर झोपायचा तो?

क्लेव्हन : तोच. एकतीस वर्षांचा. कोण कुणाला अडवतो ते बघायला मी शिकवलं त्याला. आणि मला काय सांगतात? ‘क्लेव्ह, पोरांच्या आयांशी तुझ्यासारखं कुणाला बोलता येत नाही.’ बावीस वर्षं हेच ऐकतोय, रोनी. गुडघा गेला तेव्हापासून. ऑफिसात जमिनीवर झोपून सामन्यांच्या चित्रफिती कापल्या. त्या पहिल्या कॉलेजात तर मैदानावर चुन्याच्या रेघाही मीच मारायचो. दरवेळी पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी.

रोनेटा : रेघा सरळ यायच्या हो तुझ्या. मला आठवतंय.

क्लेव्हन : चेष्टा नको.

रोनेटा : चेष्टा नाही. आठ घरं लावली मी, आठ चुलींवर हात भाजले. एकाही अंगणातल्या झाडाचं फळ तोंडात पडलं नाही. माझ्या तोंडून चेष्टा निघाली तर निघू दे. बरं, हा मळका चेंडू न्यायचाच का? भांड्यांच्या खोक्यात टाकलाय.

क्लेव्हन : न्यायचाच. सामन्यात ज्याच्या हातून चेंडू निसटला, त्यानं आठवडाभर हा काखेत घेऊन फिरायचं. वर्गात, जेवताना, सगळीकडे.

रोनेटा : माहितीये. तुझ्या संघातला ज्युनियस चर्चमध्ये घेऊन आला, तर पाद्रीबाबांनी चेंडूलाही आशीर्वाद दिला. कॅन्ससला होकार कळवलास?

क्लेव्हन : सकाळीच. आज संध्याकाळी जाहीर करणार.

रोनेटा : संध्याकाळी का?

क्लेव्हन : पुढच्या वर्षी आमच्याकडे खेळायला मी पटवलेला पोरगा, डेमॉरी ऑटली, दोन वाजता सही करतोय, त्याच्या शाळेत, सगळ्यांसमोर. तोवर तोंड उघडायचं नाही, असं मुख्य कोचनं बजावलंय. पोरगा हातचा गेला, तर तो कॅन्ससला फोन करणार. मग तिथलंही गेलं.

रोनेटा : आणि सही केल्यावर पोराला कळलं, तू नाहीस?

क्लेव्हन : मग अडकला. दुसरीकडे गेला तर नियमानं वर्षभर बाकावर. सगळेच असं करतात, रोनी.

रोनेटा : मी काही बोलले का?

क्लेव्हन : तू बोलली नाहीस, पण टेप जरा जोरात ओढलीस.

रोनेटा : टेप आहे, आवाज करणारच. साडेअकरा वाजलेत. तुला काय करायचंय ते कर, मी खोकी बांधते.

क्लेव्हन : …हॅलो, लुरीनबाई? मी कोच प्रुइट.

लुरीन : अगंबाई, कोच! थांबा हं, स्पीकरवर ठेवते, हात पिठात आहेत. आज शाळेची बस दुसऱ्या बाईला चालवायला दिली, म्हटलं माझ्या लेकाची सही रोज थोडीच होते! केक केलाय, तुमच्या कॉलेजचा निळा रंग घालून. काय म्हणता?

क्लेव्हन : लुरीनबाई, मी कॉलेज सोडतोय. आजच.

लुरीन : आजच? सहीच्या दिवशी?

क्लेव्हन : सहीआधी तुम्हाला कळावं म्हणून केला फोन.

लुरीन : जानेवारीत माझ्या टेबलाशी बसलात तुम्ही. पालेभाजी दोनदा मागून घेतलीत. आणि म्हणालात, ‘मी चार वर्षं इथंच आहे.’ मी विचारलं नव्हतं, कोच. तुम्ही आपणहून म्हणालात.

क्लेव्हन : हो.

लुरीन : का म्हणालात?

क्लेव्हन : प्रत्येक घरात म्हणतो. तुमच्याकडे म्हणताना मलाही खरं वाटलं.

लुरीन : माझा पोरगा कॉलेजसाठी येत नव्हता. त्याला बाप नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं.

क्लेव्हन : ठाऊक होतं.

लुरीन : आता सही करू दे की नको?

क्लेव्हन : कॉलेज चांगलं आहे. फक्त मी नसेन. पुढचं तुम्ही आणि तो ठरवा.

लुरीन : सहीच्या टेबलावर दोन कॉलेजांच्या टोप्या मांडायच्यात, निवडलेली त्यानं डोक्यावर चढवायची. त्या दुसऱ्या टोपीचा कोचही चारच वर्षं म्हणाला होता. तुम्हा सगळ्यांना चारच्या पुढं मोजता येत नाही का हो? ठेवते. पोराला बोलावून सांगायचंय. केक मात्र निळा झालाय, आता काय करू त्याचं?

क्लेव्हन : ठेवला तिनं.

रोनेटा : ऐकलं मी.

(फोन वाजतो. वाजून वाजून थांबतो.)

रोनेटा : तुमचा मुख्य कोच?

क्लेव्हन : तोच. पोचली बातमी.

रोनेटा : मग? हे खोकं बांधू की सोडू?

क्लेव्हन : तो चेंडू खाली आहे ना, भांड्यांच्या?

रोनेटा : अगदी तळाशी. का?

क्लेव्हन : काढ तो. आठवडाभर लागेल मला.