सूर्यभान यांच्या कार्डावरचा शेरा

सन्माननीय अध्यक्ष डॉ. नारायणराव, व्यासपीठावरील मान्यवर, माझे सहकारी, आणि मान दुखत असूनही तासभर या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेल्या माझ्या रुग्णांनो,

अनुपमाताईंनी फारच कौतुक केलं. टेबलावर काम करणाऱ्यांच्या हजारो माना गजाला मॅडमनी सरळ केल्या, म्हणाल्या. मला एकाच मानेबद्दल बोलायचं आहे. निरोपाच्या दिवशी असं बोलू नये, हे कळतं. पण उद्यापासून हा माइक मला कोण देणार?

२००६ साल. कापसाच्या गावांतून रोज वाईट बातमी यायची. सूर्यभान नावाचे एक कारकून माझ्याकडे फिजिओथेरपीला आले. ज्यांच्या घरच्या माणसाने आत्महत्या केली, अशा बाया त्यांच्या कचेरीत जबाब द्यायला येत, आणि सूर्यभान ते टाइप करत. मान पार आखडलेली. मी हनुवटी आत घ्यायचा व्यायाम शिकवला, खांद्यापासून मानेपर्यंत टेपच्या पट्ट्या लावल्या. टेपिंग तेव्हा अमरावतीत नवीन, मला त्याचा कोण अभिमान! बजावलं, "स्क्रीन डोळ्यांसमोर आणा. अर्ध्या अर्ध्या तासाने मान वर करून समोर बघा."

आठ दिवसांनी दुखणं निम्म्यावर आलं होतं. पण म्हणाले, "मॅडम, मान वर केली का समोर त्या बायाच दिसते. खाली पाहून टाइप करत होतो तेच बरं होतं."

मी हसले. हो, हसले. "मग टेबल भिंतीकडे फिरवा."

त्यांनी खरंच फिरवलं. तिसऱ्या खेपेला मान सगळीकडे वळत होती, पण ते खुर्चीवरून उठेनात. "पंधरा दिवसांची सुट्टी लिहून द्या. आता मागून आवाज येते. घरी जेवाले बसलो तरी येते. मले तिथं बसवत नाही."

"सूर्यभानजी, मान तर उत्तम आहे. मी खोटं कसं लिहू?" बाहेर अकरा जण थांबले होते. मी कार्डावर शेरा मारला, 'कामास योग्य', आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली.

चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते कचेरीतून निघाले. बडनेरा स्टेशनवर कुणीतरी त्यांना पाहिलं. त्यानंतर आजवर कुणीही नाही.

कचेरीने पत्राने विचारलं, या कर्मचाऱ्याची काही तक्रार होती का? मी घाबरले. लिहिलं, 'मानदुखी बरी झाली होती. अन्य तक्रार सांगितली नाही.' त्या एका ओळीवर ते काम टाकून पळालेले ठरले, नोकरीतून काढले गेले.

मग त्यांच्या पत्नी आल्या, शकुनताई. कडेवर मुलगी. "मॅडम, ते तुमाले काहीच बोलले नव्हते? घरी तर बोलतच नव्हते. कोणाजवळ तरी बोलले असतीन ना?"

मी म्हटलं, "नाही."

तेव्हापासून बडनेऱ्याला उतरले की मी पुढे चालणाऱ्या माणसांच्या माना बघते. आमचे हे, सरफराज, विचारतात, "किसे ढूँढ रही हो?" मी म्हणते, कुणी नाही.

गेल्या रविवारी बार्शीटाकळीला गेले. शकुनताई तिथे भावाकडे राहतात, शिवणकाम करतात. त्यांना सगळं सांगितलं. मशीन थांबलं. "म्हणजे बोलले होते," एवढंच म्हणाल्या. मग कापड बाजूला सारून म्हणाल्या, "तेरा वर्षं मले वाटे, माह्यावरच रागावून गेले."

आज इथे या, म्हणून विनवलं. नाही आल्या.

अध्यक्ष महोदय, हे पत्र घ्या. सूर्यभान मला काय म्हणाले आणि मी काय लपवलं, ते सहीनिशी लिहिलं आहे. एक प्रत काल कचेरीत दिली. ही रुग्णालयाच्या दप्तरी लावावी, ही माझी इथली शेवटची विनंती.

आपण शाल पांघरलीत, शांतपणे ऐकून घेतलंत, मी मनापासून आभारी आहे. एवढ्या वर्षांत कुणाला टाकून बोलले असेन, कुणाला बाकावर ताटकळत ठेवलं असेल, तर ते मनातून काढून टाका. सूर्यभान यांचं तेवढं मात्र राहू द्या.