जमा केलेला फोन

कोर्टाबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी दोघी बसल्या होत्या. त्यातली एक, शिलाईकाम करणारी बाई, आपल्या जावेला सांगत होती.

“फसवणाऱ्याचा आवाज माझ्या फोनमध्ये होता, म्हणून पोलिसांनी फोनच पुराव्यात जमा करून घेतला.”

“बरं केलं की.”

“साहेब म्हणाले, तारीख पडली की फोन करू.”

“कोणत्या फोनवर?”

“त्याच. तक्रारीत तोच नंबर दिलाय ना.”

“अगं बाई! म्हणजे ते स्वतःच्याच पुराव्याच्या कपाटाला फोन लावत बसले?”

“दोन तारखा हुकल्या माझ्या.”

“मग आजची कशी कळली?”

“आरोपी आला होता घरी सांगायला. म्हणाला, मावशी, तुम्ही येत नाही, तारीख पुढे जाते, आणि इकडे माझ्या सगळ्या रजा संपल्या.”