शेऱ्याचा रकाना

मी मूळची आर्वीकडची, वर्धा जिल्हा, लग्न होऊन पुण्यात आली ती एकविसाव्या वर्षी, आणि तुम्ही पाहूनच राहिल्या ताई, केस पांढरे झाले पण बोलणं काही पुण्याचं झालं नाही. यांची नोकरी भोसरीच्या कारखान्यात. माझं बी.ए. तिकडंच झालेलं, मग इथं ग्रंथालयाचा कोर्स केला आणि शनिवार पेठेतल्या या वाचनालयात लागली, पहिले अर्धवेळ, मग पूर्णवेळ. पहिल्या दिवशी कार्यवाहांनी विचारलं, आपण कुठल्या, मी सांगितलं, तर म्हणाले, असू द्या, पुस्तकं मराठीतच आहेत. असं इथलं बोलणं. तेव्हा मला रडू आलं होतं, आता हसू येतं.

तेव्हा ग्रंथपाल होते वसंतकाका, त्यांनी मला हे काम शिकवलं. पुस्तकाचं कार्ड तं सगळ्याच वाचनालयांत असतं, पण काकांची रीत अशी की कार्डाच्या मागं पेन्सिलीनं शेरा लिहायचा. पुस्तक कसं आहे ते नाही, कोणाला द्यायचं ते. म्हणजे, घरात नुकतं कोणी गेलं असेल तर देऊ नये. अक्षर बारीक, मोतीबिंदूवाल्यांना नको. दोन्ही भाग एकदम काढून ठेवा, नाहीतर उद्या सकाळी कुलूप उघडायच्या आधी दारात उभे राहतील. एका कादंबरीवर लिहिलं होतं, पान एकशे बारा नाही, तेवढी गोष्ट तोंडी सांगावी, आणि खाली सहा ओळींत त्या पानावरची गोष्ट. काय सांगू तुम्हाला, लोक इथं पुस्तक मागत नसत, आज काय देता असं विचारत, आणि आम्ही कार्ड उलटून पाहायचो. काका निवृत्त झाले, मग गेले, पण त्यांचं अक्षर माझ्या खणात होतं, आणि त्यांच्याखाली माझं.

मग सगळं कॉम्प्युटरवर जाऊन राहिलं होतं. हिंजवडीकडं इमारती उठल्या, आमच्या सभासदांची पोरं तिकडं नोकरीला लागली, आणि समितीला वाटलं आपणच काऊन मागं राहायचं. विकतचं सॉफ्टवेअर परवडणारं नव्हतं, तेव्हा आमच्या सभासद मुग्धाताई, त्या आयटीत आहेत, दर शनिवारी पुस्तक बदलायला येतात, त्यांनी सांगितलं की वाचनालयांसाठी एक सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आणि ते उघडं असतं, म्हणजे आतलं सगळं लिखाण कोणीही वाचावं, कोणीही सुधारावं, जगभरातले लोक मिळून ते चालवतात. मी एकच विचारलं, शेऱ्याला जागा आहे का. होती, एक रकाना होता. मग मी बसली, अकरा हजार कार्डं, पुढून आणि मागून, तीन वर्षं टाइप करून राहिली होती. संपलं तेव्हा समितीनं पेढे वाटले आणि कार्डं जागा अडवतात म्हणून रद्दीत दिली. ठरावच झाला होता.

त्या सॉफ्टवेअरवाल्यांची पत्रं ईमेलवर येत, रोज पाच-दहा, इंग्रजीत, एकमेकांशी चर्चा. आमच्याकडं नियम असा की आलेलं पत्र आवक रजिस्टरला चढवायचं, नंबर टाकायचा आणि महत्त्वाचं दिसलं तर महिन्याच्या सभेपुढं ठेवायचं. मी ईमेलचंही तसंच करायची. प्रिंट काढायची, नंबर टाकायची. कार्यवाह म्हणायचे, अमेरिकेची पत्रव्यवहार शाखा उघडली वाटतं आपण.

एका दिवाळीच्या सुट्टीत कॉम्प्युटरवाल्यानं येऊन नवी आवृत्ती चढवली. सुट्टीनंतर उघडलं, पहिल्या दिवशी नुसती गर्दी, दुसऱ्या दिवशी एक आजी आल्या, नुकतेच त्यांचे यजमान गेले होते, म्हणून मी शेरा पाहायला गेली तर रकानाच नाही. नाव आहे, लेखक आहे, कपाट आहे, शेरा नाही. मला वाटलं माझंच काही चुकलं. चष्मा पुसला, बंद करून चालू केलं. कॉम्प्युटरवाला म्हणाला बॅकअप आहे, पण त्याचं बॅकअप रोज आपोआप जुन्यावर नवं चढायचं, आणि मधे दहा दिवस गेलेले, म्हणजे त्यातूनही शेरे गेले. मी खुर्चीतच बसून राहिली.

मग मी ठरवलं, उघडं आहे ना, तर आत जाऊन पाहू. अकरा हजार पुस्तकांत डोळे मिटून हात घालते मी, कपाट अकरा, तिसरा कप्पा, डावीकडून. मुग्धाताईंनी ते आतलं लिखाण कॉम्प्युटरवर उतरवून दिलं. आणि बाप्पा, काय ते. कप्प्यात कप्पे, त्याच्यात आणखी कप्पे, हजारो फायली, नावं अशी की कशाचा कशाला पत्ता नाही. मी अनुक्रमणिका शोधली, नाही. पहिलं पान शोधलं, तेही नाही. मग दोनशेपानी वही घेतली आणि एका टोकापासून वाचायला लागली, कोर्सात शिकवलं होतं तसं, प्रत्येक फाईलचं नाव आणि समजलं तेवढं. वही अर्धी भरली तरी मी पहिल्याच कप्प्यात होती. लहानपणी वर्ध्याच्या बाजारात आईचा हात सुटला होता, तसं वाटलं, इतके सारे लोक आणि एकही ओळखीचा नाही.

मुग्धाताईंनी वही पाहिली, हसल्या नाहीत. म्हणाल्या, अहो, हे कोणीच सगळं वाचत नाही, आम्हीसुद्धा नाही. एक धागा धरायचा आणि तेवढ्याच्याच मागं जायचं. पडद्यावर दिसणारा शब्द शोधा. मी म्हटलं, माझा शब्द तं दिसतच नाही. मग शेजाऱ्याला विचारा, त्या म्हणाल्या, शेऱ्याच्या बाजूला कपाट होतं ना, ते शोधा. कपाट तीनशे ठिकाणी निघालं. रोज दुपारी दोन ते चार, वाचनालय बंद असतं तेव्हा, मी एकेक ठिकाण पाहायची. दीड महिना लागला. पण सापडलं ताई, तो पडदा जिथं लिहिलेला आहे ती फाईल सापडली. आणि त्या लोकांची एक गोष्ट मला फार आवडली, कोणती ओळ कोणी घातली, कोणी काढली, कशासाठी, सगळ्याची नोंद असते. आमच्या रजिस्टरपेक्षा पक्की. काढलेल्या ओळी लाल दिसतात. माझ्या शेऱ्याच्या ओळी लाल होत्या.

खाली कारण होतं. हा रकाना कोणी वापरत असेल असं वाटत नाही, सगळ्यांना ईमेल जाते त्या यादीवर विचारलं, दोन आठवडे वाट पाहिली, कोणाचंच उत्तर आलं नाही. आणि त्या विचारलेल्या पत्राची तारीख.

मी उठून रजिस्टर काढलं. तारखेला नंबर होता, माझ्याच अक्षरात. फायलीत प्रिंट होती. कोणी वापरतं का, तेवढंच विचारलेलं. मी ते वाचलं होतं, समजलंही होतं, पण मोठ्या लोकांच्या चर्चेत आपण काऊन बोलायचं, आणि वाचनालयाच्या वतीनं उत्तर द्यायचं तं समितीची मान्यता पाहिजे, म्हणून मी ते सभेपुढं ठेवलं. इतिवृत्तात आहे, विषय क्रमांक सात, वेळेअभावी पुढील सभेत विचार करावा. पुढील सभा होईतो दोन आठवडे होऊन गेले होते. हो, मी वापरते, एवढंच लिहायचं होतं. कोणी अडवलं नव्हतं मला. त्या दिवशी मी भिंतीवरच्या वसंतकाकांच्या फोटोकडं पाहिलं नाही.

मुग्धाताईंनी मला लिहायला लावलं त्यांना. ज्यांनी त्या ओळी काढल्या होत्या त्या तिकडच्या बाईंचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं, फार वाईट वाटलं म्हणून, आणि पुढच्या आवृत्तीत त्यांनी रकाना परत घातला. आता आहे तो. रिकामा. अकरा हजार रिकामे रकाने. आठवेल तसं भरून राहिली मी, दोन-अडीचशे झाले असतील. एकशे बारा पानाची गोष्ट मला आठवते, पण सहा ओळींतल्या चारच, शेवटच्या दोन गेल्या. काकांची पेन्सिल कोणाला येणार आता.

त्यांची पत्रं अजून येतात. आता मी प्रिंट काढत नाही, नंबर टाकत नाही, सभेपुढं तं मुळीच नाही. पत्रात कुठं दिसलं की हे काढून टाकतो, कोणी वापरतं का, तर ते काय आहे मला समजो न समजो, मी त्याच मिनिटाला लिहिते, हो, वापरतो, पुणे. मुग्धाताई म्हणतात, अहो असं खोटं नका लिहू. मी म्हणते, खोटं कशाला, कोणीतरी वापरतच असेल, कुठंतरी, सभेची वाट पाहत बसलं असेल. त्याचं राहू दे बिचाऱ्याचं.