निळी काच

हॅलो? हॅलो! …हो, परभणीची लॅब. भगवानराव बोलतोय. …कोण, उमा? अगं मोठ्यानं बोल, ट्रंक कॉल हाय. …काय पेटवलं? …अख्खी वस्ती? अरे देवा! नामांतराच्या नावाखाली माणसं जाळायलेत का हे हरामखोर!

हो, हो… रडू नको. अगं ऐक ना! दवाखान्यात कोण कोण हाय? …तू, सिस्टर अन् वस्तीतली बायनाबाई. बेशुद्ध. अन् कंपाउंडर? …मुंजाजी बाहेरून कुलूप लावून गेला? बरं केलं. कुणी आत तरी शिरणार न्हाई.

काय म्हणाला तो? डोक्यात काठी बसली? …मग जखम कुठाय? …न्हाईच? अन् ताप एकशेपाच? अगं मग रक्त बघ की तिचं! …स्लाइड केलीस? रंग दिलास? वाळली? शाबास. तेलाचा थेंब टाक, शंभरची लेन्स लाव.

…लाइट गेली तर गेली, मायक्रोस्कोपखाली आरसा हाय ना! खिडकीकडं फिरव. …उजेड लाल यायलाय? लाल कसा काय…

…वस्तीचा.

…हं. ऐक. लाल उजेडात जंतूचा लाल ठिपका दिसायचा न्हाई. ड्रॉवरमधी गोल निळी काच हाय, ती आरशाच्या वरच्या खाचेत सरकव. …आता? …जंतूच्या बारक्या अंगठ्या दिसायल्या? पेशीच्या आत का वर बसल्यात? स्क्रू हळू फिरव. आत असल्या तर पेशीसंगंच स्पष्ट होतेत. परवा सांगत होतो तवा खिदळत होतीस! …आत? एकेका पेशीत दोन-दोन? अगं, काठी न्हाई, मेंदूचा मलेरिया हाय तो!

थांब, डॉक्टरसाहेब शेजारीच हायत. …क्विनीन द्या म्हणतेत, सलाईनमधी, लय हळू. …कपाटाची चावी मुंजाजीकडं? काच फोड! स्टूल घाल! …फुटली? हाताला लागलं? असू दे, सिस्टरकडं दे. …थेंब पडायलेत? वा गं माझी वाघीण!

…कसला आवाज? दगड? खिडकीपासून सरक आधी! साहेब पोलिसांकडं पळालेत. …कुणाचा आवाज ओळखलास? मुंजाजीचा? चला, सुटलो! आपलाच माणूस…

…कुलूप काढायलाय? …मागं किती जण हायत? …उमा, हातात काय हाय त्याच्या?

…टेंभा?

आतून कडी लाव! उमा! टेबल लाव दाराला! ए मुंजाजी, बेइमान्या, बायामाणसं हायत रे आत… हॅलो? …हॅलो!

ऑपरेटर! कुणी तोडली लाईन? …तिकडून तुटली म्हणजे? जोडा! अहो जोडा ना… पोरगी हाय हो माझी तिथं.